ऊनही गळतं, आयुक्तसाहेब

मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका,
सीबीडी बेलापूर



पावसाळा तोंडावर आला की दर वर्षी आपल्याकडून आम्हा सोसायटीवाल्यांना सूचना सुरू होतात. धोकादायक इमारतींची यादी लागते, सी-१ पासून सी-३ पर्यंत प्रतवारी होते, तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतींनी कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं अशी आठवण होते. यंदा आपल्या पत्राची वाट न बघता मीच आधी लिहायला बसले आहे. मार्च संपत आलाय. माझ्या पत्राचा विषय पावसाच्या आधी येतो आणि पाऊस आला की सगळे तो विसरतात, मीसुद्धा.

नेरुळमधल्या एका चार मजली इमारतीत मी राहते. सोळा घरं, लिफ्ट नाही. सोसायटीची सचिव आहे, कारण दर पाच वर्षांनी दुसरं कुणी उभं राहत नाही. माझं घर शेवटच्या मजल्यावर. वर फक्त स्लॅब आणि त्यावर आकाश.

गेल्याच्या आधीच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले होते. कपाटावरची बॅग काढायला पलंगावर उभी राहिले, तोल सावरायला हात वर गेला आणि तळवा छताला टेकला. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टवर हात ठेवावा तसं ते छत लागलं. सूर्य मावळून तीन तास उलटून गेले होते. खाडीवरून वारा सुटला होता, खाली मैदानाच्या कट्ट्यावर पोरं गप्पा मारत बसली होती, आणि आमच्या घरात अजून दुपार होती. पंखा पाचवर. पण पंखा छताखालचीच हवा खाली ढकलणार, आणि ती तव्याजवळच्या हवेसारखी. नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी. मेमध्ये आमच्याकडे गीझर लावावा लागत नाही, एवढीच काय ती बचत.

दुपारचं ऊन काँक्रीटमधून खाली झिरपायला चार-सहा तास घेतं. म्हणजे लोकलमध्ये उभा राहून माणूस घरी पोचतो, साधारण त्याच सुमाराला बाराचं ऊनही त्याच्या खोलीत पोचतं.

हा विषय मी वार्षिक सर्वसाधारण सभेत काढला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंच आहे, तर त्याच खर्चात थोडी भर घालून उष्णता अडवायचंही काही करू, असं म्हटलं. तळमजल्यावरचे काका उठले. म्हणाले, “अहो ताई, ऊन काय सोसायटीने पाडलंय का?” सगळे हसले. मीही हसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. पाऊसही सोसायटीने पाडलेला नसतो. तरी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय की पावसाचं पाणी बाहेरून आत येत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची. गच्ची सगळ्यांची, म्हणून गळतीही सगळ्यांची. तिथे तळमजल्यावरचे काकाही कुरकुर न करता वर्गणी देतात. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा आहे. छतातून पाणी आलं तर तो दोष. छतातून ऊन आलं तर ते नशीब. पाणी टपकलं की खाली बादली ठेवतात, ओल धरलेल्या भिंतीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. उन्हाचा फोटो निघत नाही. ते थेट महावितरणच्या बिलात उतरतं, आणि बिल ज्याच्या त्याच्या नावावर येतं. तेव्हा माझं एवढंच म्हणणं आहे, साहेब: छतातून आत येणाऱ्या उन्हालाही गळती म्हणा. एकदा तसं म्हटलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं, खर्च कुणाचा, तपासणी कुणाची, परवानगी देताना काय विचारायचं.

माझं माहेर सोलापूरकडचं. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणारा मुलूख. आजोळचं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला, आणि सगळ्यांवर हातभर पांढरी माती. भरदुपारी बाहेरून आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. आजोबा रोहिणी लागायच्या आत माळवदावर चढून माती चोपायचे, उंदरांनी पाडलेली भोकं बुजवायचे. एखादं भोक राहिलंच तर पहिल्याच वळवाला माजघरात धार. त्या घराची बढाई मारायची नाही मला. ते पाऊस गाळायचं, पण ऊन गाळायचं नाही. इथलं माझं घर नेमकं उलटं.

इथले मूळचे रहिवासी तरी काय वेगळं करत होते? करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली या गावठाणांतली आगऱ्या-कोळ्यांची जुनी घरं कौलारू. कौलाकौलांमधल्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची, पुढे पडवी म्हणून भिंतीला ऊनच लागायचं नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाला जाड माती लागते, खाडीकाठच्या दमट उन्हाला सावली आणि वारा. दोन्हीकडे लोकांना हे ठाऊक होतं. मग दोन्हीकडे स्लॅब आला. स्लॅबला मी नावं ठेवणार नाही, तो पक्का असतो, वर मजला चढवता येतो, उंदीर पोखरत नाहीत. पण आपण स्लॅब घेतला आणि मातीचं नि कौलांचं काम कुणाकडे सोपवायचंच विसरलो.

गंमत म्हणजे हे शहर मुळात कागदावर उमटलं ते याच विचाराच्या माणसांच्या हातून. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. त्याआधीच त्यांनी अहमदाबादेत ‘ट्यूब हाऊस’ बांधून पाहिलं होतं. लांब, अरुंद घर, छत दोन्हीकडून उतरतं आणि माथ्याला उघडं, म्हणजे तापलेली हवा वरून आपली आपण निघून जाईल. वीज न वापरता. आपल्या मुख्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर, बेलापूरला, त्यांचंच आर्टिस्ट व्हिलेज आहे. १९८३ ते ८६ मध्ये साडेपाचशे कुटुंबांसाठी वसवलेलं. सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती, उतरती छपरं. लोकांना घर वाढवता यावं म्हणून घराला घर न चिकटवता बांधलेलं. लोकांनी ते वाढवलंही. आज तिथे गेलात तर मूळची कौलं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील, जिकडेतिकडे सपाट स्लॅब, त्यावर टाकी आणि त्याखाली एसीचा बाहेरचा डबा. कोरियांना दोष देता येत नाही नि लोकांनाही नाही.

आता थोडा हिशेब. आपल्याकडे अभियंते आहेत, ते तपासून बघतील. मी वाणिज्य शाखेची आहे, पण सोसायटीच्या कामाने माणसाला सगळं शिकवलंय.

नवी मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर. त्यामुळे मेच्या १५-१६ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २७-२८ ला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. जुलैतला ढगांत जातो. मेमधला कोरडा ठणठणीत. त्या सुमाराला घराच्या चार भिंतींपैकी कुणालाही लागत नाही एवढं ऊन छताला लागतं, कारण भिंतींवर ते तिरकं पडतं आणि छतावर सरळ. आमच्या गच्चीसारखा करड्या कोब्याचा पृष्ठभाग अशा वेळी साठ अंशांच्या आसपास तापू शकतो. खाली खोलीत आपण सत्तावीस अंश मागतो. मधे काय आहे? पाच-सहा इंच काँक्रीट आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. अशा छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर, ढोबळमानाने अडीच वॉटच्या आसपास उष्णता आत येते. पाचशे चौरस फुटांचं घर म्हणजे शेहेचाळीस चौरस मीटर छत. गुणाकार करा. ऐन तापाच्या वेळी पावणेचार किलोवॉटच्या घरात उत्तर येतं. एक टनाचा एसी जेवढी उष्णता उचलून बाहेर टाकतो, त्याहून थोडी जास्तच. म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा माणूस एक टनाचा एसी लावतो तो स्वतःसाठी नाहीच. तो छतासाठी लावतो. स्वतःला गार करायला त्याला दुसरा घ्यावा लागतो. आणि मग शंभर युनिटांचा टप्पा ओलांडून तीनशेचा कधी ओलांडला ते बिल हातात पडल्यावर कळतं.

याच्यावर उपाय महाग असेल असं मला वाटायचं. एक्सपीएस म्हणून एक फोम मिळतो, थर्माकोलच्या थोरल्या भावासारखा, पण दाबून घट्ट केलेला, पाणी न पिणारा. वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर या फोमच्या पाट्या मांडायच्या आणि वरून कोबा किंवा टाइल. पाच सेंटिमीटर पाटी जेवढी उष्णता अडवते तेवढी नुसत्या काँक्रीटने अडवायची तर स्लॅब दोन मीटरहून जाड ओतावा लागेल. आमच्यासारख्या छताला तर इंचभर पाटीसुद्धा पुरते. आजोबांची हातभर माती जे करायची ते ही इंचभर पाटी करते. शिवाय उंदराला आवडत नसेल तर आणखी बरं, ते मात्र अजून बघायचंय.

क्रम चुकवून चालत नाही, हे मी आमच्याच मजल्यावरच्या एका घरी बघितलं. त्यांनी आतून छताला थर्माकोल लावून खाली पीओपीचं सीलिंग केलं. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅब कुठे गळतोय ते कळेनाच, पाणी सीलिंगच्या आत फिरत राहिलं आणि भलत्याच कोपऱ्यात, देवघरावर उतरलं. सीलिंग फोडलं तेव्हा आत काळी बुरशी. आपल्याकडे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे उन्हाचा बंदोबस्त पावसाला विचारूनच करावा लागतो, आणि तो शक्यतो गच्चीवरून. गच्चीवर कुणाचं एकट्याचं चालत नाही. तिथे सोसायटी आली, सभा आली, ठराव आला. म्हणून तर आपल्याला लिहायची वेळ आली.

पाट्यांचा ठराव आमच्याकडे अडला. पण अर्ध्या गच्चीला पांढरा परावर्तक रंग लावायला सभा तयार झाली, “बघू तरी” म्हणून. रंगाऱ्याने मार्चमध्ये दोन हात मारले. मे महिन्यात एके दुपारी सासूबाई वर पापड वाळत घालायला गेल्या. पांढऱ्या भागावर अनवाणी उभ्या राहून त्यांनी आख्खी चादर पसरली, मग कोपऱ्यातली वीट आणायला करड्या भागावर पाय ठेवला आणि “अगं आई गं” करत परत उडी मारली. तळमजल्यावरच्या काकांना मी वर बोलावून हेच करायला लावलं. त्यांनी चप्पल काढली आणि लगेच घातली. त्या दिवसापासून ते ऊन कोणी पाडलं ते विचारत नाहीत. ताजा पांढरा रंग अंगावर पडलेल्या उन्हाचा बराच मोठा वाटा, सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत, परत आकाशात पाठवतो. जुना करडा कोबा तिसरा हिस्साही पाठवत नाही.

पण खरं तेही सांगते. ऑगस्टपर्यंत त्या पांढऱ्या रंगावर शेवाळ धरलं, आणि दिवाळीला ते वाळून काळं झालं. कोकणातल्या गच्चीचा हा स्वभावच आहे. ऑक्टोबरात घासून काढलं तर रंग परत उजळतो, न घासलं तर पैसे पाण्यात. जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी असायची, चायना मोझॅक म्हणतात ती. ती टिकते आणि झाडूने साफ होते. कारागीर मात्र शोधावे लागतात. रंग विकणारे शेवाळाचं सांगत नाहीत, म्हणून मी सांगितलं.

आता नव्या इमारतींकडे वळते, कारण आपली सही तिथे लागते. वाशी-नेरुळची जुनी घरं एकामागून एक पुनर्विकासाला निघाली आहेत. आमच्याही दारात बिल्डर येऊन गेला. नाव घेत नाही, सगळे सारखेच. हॉल भाड्याने घेऊन त्याने प्रेझेंटेशन दिलं. चोवीस मजले, क्लब हाऊस, जिम, गच्चीवर इन्फिनिटी पूल. मी विचारलं, “भिंती कसल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागणार त्याचं काय केलंय?” त्याचा माणूस गोड हसला. “मॅडम, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय ना.”

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. भिंती कसल्या, याचं उत्तर त्याने दिलं नाही तरी मला माहीत होतं. आता ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खा मजला, भिंतींसकट, एका वेळी काँक्रीटने ओततात. बांधकामवाले त्याला मायवान म्हणतात. काम झपाट्याने होतं, प्लास्टरची कटकट नाही, भिंती सरळसोट. पण काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा जास्त वेगाने जाते आणि हलक्या ब्लॉकपेक्षा तर कितीतरी पट. हलके ब्लॉक म्हणजे ज्यांना आपल्याकडे सर्रास सिपोरेक्स म्हणतात ते. पुण्याच्या बी. जी. शिर्के कंपनीने ते आणले आणि नाव इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीचा असला तरी तो सिपोरेक्सच. नऊ इंची विटेच्या जागी सहा इंची काँक्रीट आलं, खोल छज्जे गेले, त्यांच्या जागी मोठाल्या काचा आल्या. म्हणजे पूर्वी फक्त शेवटच्या मजल्याचं दुखणं होतं ते आता पश्चिमेकडच्या प्रत्येक मजल्याला लागणार. त्या अर्थाने समता आली म्हणायची.

असं बांधू नका असं कुणी म्हटलेलं नाही, असंही नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छताची मर्यादा आहे: एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये. आमच्या अडीचच्या निम्मी. भिंती-खिडक्या मिळून घरात येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे, चौरस मीटरमागे १५ वॉट. साच्यात ओतलेल्या उघड्या काँक्रीटच्या भिंतीला, छज्जा नसलेल्या काचेला, ही मर्यादा गाठणं जड जातं. मग बाहेरून सावली द्यावी लागते, किंवा भिंतीला अस्तर, किंवा बाहेरच्या भिंती तरी ब्लॉकच्या. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा कायद्याने मोठ्या निवासी इमारतीही या चौकटीत आणल्या. कागद तयार आहेत. आमच्या त्या प्रेझेंटेशनच्या बहात्तर स्लाइडांत ‘इको’ हा शब्द नऊ वेळा होता, मी मोजला. संहितेचं नाव एकदाही नव्हतं. पुनर्विकासाचा नकाशा मंजुरीला येतो तेव्हा आपल्या नगररचना विभागाने हे दोन आकडे, छताचा आणि भिंतींचा, नकाशाच्याच कोपऱ्यात लिहून मागावेत. पार्किंगचा तक्ता मागता, झाडांचा मागता, तसाच हाही. आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कुणीतरी गच्चीवर जाऊन पाटी खरंच घातली आहे का ते बघावं. एकदा ओतलेली भिंत पुढची पन्नास वर्षं बदलत नाही. त्या पन्नास वर्षांत तिच्यामागे राहणाऱ्यांनी किती एसी बदलायचे?

जुन्या इमारतींसाठी याहून सोपं आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल येतोच आहे, त्यात एक ओळ वाढवा: छत तापतं का, आणि वॉटरप्रूफिंग करताना वर काय घालावं. अभियंता गच्चीवर चढलेलाच असतो. एवढी ओळ कागदावर आली तर माझ्यासारख्या सचिवाला सभेत ती वाचून दाखवता येईल. सभेत आपल्या शब्दापेक्षा कागदाला मान असतो, हे मी सांगायला नको.

पावसाळी शेडचा विषय नाजूक आहे, तरी काढते. गच्चीवर पत्र्याची शेड घालायला सोसायट्या परवानगी मागतात, आपला विभाग काचकूच करतो. का करतो ते मला ठाऊक आहे. आज चार खांबांवर पत्रा, उद्या बाजूने ताडपत्री, परवा वीट, आणि तेरवा त्यात कुणाचा तरी भाचा राहायला. पण चारी बाजूंनी उघडी असलेली शेड ही खरोखर चांगली छत्री आहे. स्लॅबला ऊनच लागत नाही, मधून वारा वाहतो, पाऊसही अडतो. परवानगी देताना बाजू उघड्या ठेवायची अट घाला, दर वर्षी फोटो मागा, बंद केली तर तोडा. सौर पॅनेललाही हेच लागू. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घरांना तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजारांचं अनुदान आहे, सोसायट्यांच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार. पॅनेल वीज देतं हे सगळे सांगतात. ते खालच्या स्लॅबवर सावलीही धरतं, हे कुणी सांगत नाही.

आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅबच नाही? दिघा, यादवनगर, तुर्भे स्टोअर इथली पत्र्याची घरं. तिथे सभा नाही, ठराव नाही, सचिव नाही. पत्रा स्लॅबसारखा रात्री तापलेला राहत नाही, हे त्याचं एकच बरं. दुपारी मात्र घरात बसवत नाही, आणि दुपारी घरात कोण असतं? बाळंतीण, म्हातारी माणसं, कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला माणूस. त्यांना एक्सपीएस नको, संहिता नको. पत्र्यावर पांढरा रंग, दर वर्षी उन्हाळ्याआधी, महापालिकेच्या खर्चाने. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणून मोठ्या इमारतींना ते सक्तीचंच केलं. आपण का मागे? भिंती रंगवण्यात नवी मुंबईचा हात कुणी धरणार नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या काळात पुलाखाली, स्टेशनबाहेर, नाल्याच्या कठड्यावर एक मोकळी जागा सोडली नाहीत आपण. फ्लेमिंगो काढले, कोळीणी काढल्या, अंतराळवीर काढले. २०२० मध्ये देशात तिसरे आलो, २०२३ मध्येही. त्या रंगातले थोडे डबे, पांढरे, वर चढवायचे आहेत. चित्र काढायचीही गरज नाही.

सुरुवात आपल्याच शाळांपासून करा असं मी म्हणेन. महापालिकेच्या शाळेत वरच्या मजल्यावरच्या वर्गात एप्रिलच्या परीक्षा होतात. एका शाळेचं छत पांढरं करा, शेजारच्या शाळेचं तसंच ठेवा, दोन्हीकडे वर्गात शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक टांगा आणि महिनाभराचे आकडे आपल्या संकेतस्थळावर टाका. चांगले आले तर आमच्यासारख्या सोसायट्या आपोआप मागे येतील. वाईट आले तरी टाका.

आपल्याकडचा उकाडा फसवा आहे. पारा नागपूर-चंद्रपूरसारखा चढत नाही, म्हणून आपण त्याला उन्हाळा म्हणायलाही कचरतो. पण हवेत ओल असली की घाम नीट वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराकडे थंड व्हायचा दुसरा फारसा रस्ता उरत नाही. १६ एप्रिल २०२३ ला शेजारच्या खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो माणसं उन्हात बसली होती. पारा त्या दिवशी चाळिशीलाही पोचला नव्हता. उष्माघाताने चौदा माणसं गेली. ती उघड्यावर होती, म्हणून आपल्याला दिसली. बंद दाराआड, तापलेल्या छताखाली, रात्रभर न झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात होते? दाखल्यावर हृदयविकार लिहितात, आणि ते खोटंही नसतं.

पत्र लांबलं. शेवटी एक विनंती आहे, ती कार्यालयीन नाही. येत्या मेच्या १५ किंवा १६ तारखेला आमच्या गच्चीवर या. लिफ्ट नाही, चार जिने चढावे लागतील. दुपारी साडेबाराला या, कारण १२ वाजून ३४ मिनिटांच्या आसपास अँटेनाच्या खांबाची सावली नाहीशी होते आणि सोसायटीतली सगळी पोरं ते बघायला वर जमतात. घासून घेतलेली गच्ची अजून अर्धी पांढरी नि अर्धी करडी आहे. मधल्या रेघेवर उभे राहा. सासूबाई पन्हं करून ठेवतील. येताना शहर अभियंत्यांनाही आणा, आणि चप्पल सहज काढता येईल अशी घाला.

कळावे, लोभ असावा,

आपली,
एका सोसायटीची सचिव,
नेरुळ